घराची किंमत सांगणाऱ्याचं घर

घराची किंमत ठरवायला आलेल्या माणसाला लोक दारातच दोन गोष्टी विचारतात. चहा घेणार का, आणि अंदाजे किती येईल? टेपभाऊ पहिल्या प्रश्नाला हो म्हणायचे आणि दुसऱ्याला खिशातून काचेची गोटी काढून दाखवायचे.

टेपभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कमरेला कायम मोजायची टेप, म्हणून कुणीतरी गमतीत ठेवलं आणि ते चिकटलं. कुणाला घर विकायचं असतं, कुणाला त्यावर कर्ज काढायचं असतं, कुठे नवराबायकोचं फाटलेलं असतं, कुठे भावंडांत वाटणी निघालेली असते. अशा वेळी कुणाच्याच बाजूचा नसलेला एक माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे टेपभाऊ. खरं सांगायचं तर त्यांना कमाईपेक्षा चौकशीचंच वेड जास्त. बोटाच्या पेराने भिंत टकटक वाजवायची, नळ सोडून धार बघायची, कपाट सरकवून मागे डोकवायचं. शेवटी फरशीवर गोटी ठेवायची आणि ती कुठे निघाली ते उकिडवं बसून बघायचं. उतार मोजायला आता यंत्रं निघालीत, पण यंत्रामागे घरातली माणसं धावत नाहीत. गोटीमागे आजोबांपासून नातवापर्यंत सगळे यायचे, आणि जमले की बोलते व्हायचे. घर विकायला कोण नाखूश आहे आणि कुणी मनातल्या मनात ते कधीच विकून टाकलंय, हे टेपभाऊंना फरशीच्या उताराबरोबरच कळून जायचं.

एका बाबतीत मात्र ते दगड होते. लोक गॅलरीला भिंत घालतात, खिडकी बसवतात आणि पाहुण्यांना खोली म्हणून दाखवतात. टेपभाऊ दारातूनच ओळखायचे. "ही खोली नाही हो, बंद केलेली गॅलरी आहे. मोजमापात नाही धरता येणार." घरमालकांचे चेहरे पडायचे. ते शांतपणे चहा प्यायचे.

मग त्यांची स्वतःचीच पाळी आली. आई गेल्यावर घर त्यांच्या आणि ताईच्या नावावर झालं. ताई लग्न होऊन केव्हाच दुसरीकडे गेलेली, टेपभाऊ बायकोसह इथेच राहणारे. ताईचा अर्धा वाटा टेपभाऊंनी विकत घ्यायचा, असं दोघांत बोलाबोलीत ठरलं. किंमत काढायला बाहेरचा माणूस कशाला, म्हणून टेपभाऊंनी एका संध्याकाळी हिशेब केला आणि ताईच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या आकडा सांगून टाकला.

ताई सफरचंद चिरत होती. सुरी थांबली. "घेणारही तूच आणि भाव सांगणारही तूच? वा रे वा!"

ती हसली, पण ते हसू काही धड नव्हतं. त्यानंतर तिचे फोन कमी झाले आणि आले तरी कामापुरते. टेपभाऊंना हे फार लागलं. दुनियेच्या भांडणांत ज्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, त्याच्यावर सख्ख्या बहिणीने ठेवू नये?

"पण तुम्हीच सगळ्यांना सांगता ना, घरातल्या माणसाने घराची किंमत ठरवू नये म्हणून?" बायको म्हणाली. "मग बोलवा की कुणालातरी."

शहराच्या दुसऱ्या टोकाची, त्यांना अजिबात न ओळखणारी एक मूल्यांकन करणारी बाई त्यांनी शोधली. ती यायच्या दिवशी सकाळपासून स्वारीची नुसती धांदल. नळ घासले, दिवे बदलले, बैठकीतल्या ओलीपुढे कपाट ओढलं.

"अहो, ओल दिसली तर किंमत उतरेल. घेणारे आपणच आहोत!" बायको म्हणाली.

"असू दे. लोक काय म्हणतील?" टेपभाऊ म्हणाले, आणि मग स्वतःच ओशाळले. हेच ऐकून ते आजवर लोकांना हसत आले होते.

ताईही आली होती. मॅडमनी पहिल्या झटक्यात कपाट सरकवलं. त्यांच्याकडे लाल ठिपका टाकून अंतर मोजणारं यंत्र होतं, भिंतीला त्या हातही लावत नव्हत्या. टेपभाऊंना ते जरा खटकलं, पण ते कुतूहलाने मागे मागे फिरत राहिले. शेवटच्या दारापाशी मॅडम थांबल्या.

"आणि ही बंद केलेली गॅलरी."

"छे, खोली आहे ती," टेपभाऊ म्हणाले. "ताईची खोली."

"वर बघा ना, सांधा दिसतोय. बाहेरची भिंत मागाहून घातलीय. मोजमापात नाही धरता येणार."

अगदी तेच वाक्य! टेपभाऊंनी खिशातून गोटी काढून जमिनीवर ठेवली. ती गडगडत थेट कोपऱ्यात गेली. गॅलरीतलं पाणी बाहेर जायची वाट तिथे कधीतरी लिंपून टाकलेली स्पष्ट दिसत होती.

"तू किती धरली होतीस?" ताईने विचारलं.

"पूर्ण. खोली म्हणून."

"म्हणजे तुझा आकडा माझ्या बाजूने जास्तच होता?" ताई मटकन खाटेवर बसली. "आणि मी समजत होते, तू मला कापलंस. रोज रात्री तुझ्या नावाने बोटं मोडली रे मी."

मॅडम सज्जन होत्या, त्या बैठकीत निघून गेल्या.

"पण तुला दिसलं कसं नाही?" ताईला आता राहवेना. "लोकांच्या गॅलऱ्या तर उंबऱ्यातून ओळखतोस."

टेपभाऊ विचारात पडले. त्यांनाही हे कोडंच होतं. "तू मला आत कुठे येऊ द्यायचीस?" ते हळूहळू म्हणाले. "दार लावून बसायचीस. दार वाजवलं की 'काय आहे?' म्हणून आतूनच ओरडायचीस. बाहेर उभं राहून मला वाटायचं, घरातली सगळ्यात मोठी जागा हीच. तेच डोक्यात राहिलं असणार."

ताईने बसल्या बसल्या दोन्ही हात पसरून दाखवले.

"वेड्या, हात पसरले की दोन्ही भिंतींना लागायचे. आईने तुला मोठी खोली दिली होती. तुला हे दिसू नये, म्हणून तर येऊ देत नव्हते."

आपलाच आकडा धरायचा, असं टेपभाऊ म्हणायला लागले, तर ताईने हात उडवला. "मॅडमचाच धरायचा. गॅलरी आहे ती, गॅलरीच लिहू दे."

मॅडमना टेपभाऊ रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत सोडून आले. परतले तेव्हा शेवटचं दार नुसतं लोटलेलं होतं. सवयीने त्यांनी बोटाचं पेर वर केलं आणि हलकेच दारावर वाजवलं.

"ये," आतून ताई म्हणाली.