संमती देण्याआधी

वकिलाकडे रिकाम्या डोक्याने जायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. घर घेताना, गाडी घेताना आधी सगळं वाचलं होतं. मग घटस्फोटाचंच का नाही? एका शनिवारी बुधवार पेठेत गेले आणि हिंदू विवाह कायद्याचं मराठी पुस्तक मागितलं. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "परीक्षेसाठी की घरगुती?"

"घरगुती."

"मग हे घ्या. अक्षर मोठं आहे, रडत वाचलं तरी दिसतं."

आम्हाला मूल नव्हतं. तरी मुलांच्या ताब्याचं प्रकरणही मी वाचून काढलं. पुस्तक अर्धवट सोडायची मला सवय नाही.

नवरा हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होता. वर्षभरापूर्वी तो आमचं वारज्याचं घर सोडून कंपनीजवळ भाड्याने राहायला गेला. भांडण झालं नव्हतं. "मला आता तुझ्याबरोबर राहवत नाही, आणि त्यात तुझी काही चूक नाही," एवढंच तो म्हणाला. चूक सांगितली असती तर मी दुरुस्त केली असती. नातेवाइकांना आम्ही ट्रॅफिकचं कारण दिलं. हिंजवडीचं ट्रॅफिक म्हटल्यावर पुण्यात पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. आता त्याने घटस्फोट मागितला होता.

घटस्फोटाची कारणं मी पेन्सिल घेऊन वाचली. व्यभिचार, क्रूरता, सोडून जाणं, धर्मांतर. सोडून तर तोच गेला होता. माझ्याविरुद्ध त्याला वापरता येईल असं त्यात एकही कारण नव्हतं. उरलं परस्पर संमतीचं कलम. त्यात दोघांनी मिळून अर्ज करायचा, आणि निकाल लागेपर्यंत दोघांची संमती टिकायला हवी. म्हणजे मी नाही म्हटलं, की तो अडकला. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी मी पोटभर जेवले.

"मला थोडा वेळ हवाय," मी त्याला फोनवर सांगितलं.

"घे ना," तो म्हणाला. घाई करणं त्याच्या स्वभावात नव्हतंच.

तेवढ्यात अधिक महिना लागला. या महिन्यात जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायचं, हे माझ्या आईने कधी चुकवलं नव्हतं. तिला आमचं काहीच माहीत नव्हतं. तिने त्याला परस्पर फोन केला, आणि तो तिच्या घरी आला. मी भरली वांगी केली होती, त्याला आवडतात तशी.

"तुमच्या त्या कंपनीत माणसं जेवतात, की नुसत्या मीटिंगाच करतात?" आई वाढता वाढता म्हणाली. "गळ्याची हाडं दिसायला लागली तुमची."

"जेवतो हो आई."

"दिसतंय."

तो हसला. ताटातलं सगळं संपवलं. मध्येच मला म्हणाला, "मीठ घेऊ का?" इतकी वर्षं ज्या घरात तो स्वतःच्या हाताने फ्रीज उघडायचा, तिथे.

जेवण झाल्यावर आईने निरांजन लावलं, अनारशांचं तबक पुढे आणलं. तो उठून उभा राहिला, पण हात पुढे करेना. "एक मिनिट हं, आई," म्हणत स्वयंपाकघरात माझ्याकडे आला.

"हे मला घेववत नाहीये," तो हळूच म्हणाला. "आईंना फसवल्यासारखं होतंय. पण तू म्हणशील तर घेतो."

तो खरंच घेणार होता. मी म्हटलं असतं तर वाण घेतलं असतं, दिवाळीलाही आला असता, वारज्याच्या घरातसुद्धा परत राहिला असता, आणि मीठ घ्यायच्या आधी मला विचारत राहिला असता.

"आईला मी सांगते," मी म्हणाले. "तू जा. सोमवारी वकिलाची वेळ घेते. दोघं मिळून जाऊ."

"नक्की?"

"हो."

त्याचे खांदे सैल झाले. कित्येक महिन्यांत त्याला इतकं मोकळं झालेलं मी पाहिलं नव्हतं, आणि ते मला समोर उभं राहून बघावं लागलं. आईला वाकून नमस्कार करून तो निघून गेला.

"अगं, वाण तसंच राहिलं की," आई बाहेरच्या खोलीतून म्हणाली. "चिडले का? मी जास्त बोलले का काही?"

"नाही, आई. तू नाही." मी गॅस बंद केला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.