त्सुबामेची किटली

अख्ख्या शहरात एका जपानी गावाचा अभिमान वाहणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहायचा. कारखान्यातले निवृत्त फिटर. उमेदीच्या वयात कंपनीने त्यांना नवं मशीन शिकायला पंधरा दिवस त्सुबामेला धाडलेलं. त्या गावात म्हणे गल्लोगल्ली धातूवर हातोडी चालते. काका परत आले ते फक्त शरीराने. माजिवड्याला रिक्षा अडकली की "त्सुबामेत असं नसतं." माझ्या दुकानातला चमचा उचलून, "त्सुबामेत याला चमचा म्हणणार नाहीत." तेही गिऱ्हाइकासमोर! खोपटच्या फुटपाथवर भांडी विकत मी दुकानापर्यंत पोचलेलो. माझं डोकं फिरायचं.

तिथून त्यांनी तांब्याची किटली आणलेली. एकाच पत्र्यातून तोटीसकट ठोकून काढलेली, कुठे सांधा नाही. चहा झाला की ते ती फडक्याने पुसायचे; घासायची मात्र नाही. वीस वर्षांत तिला जांभळट काळा रंग चढलेला. दर दिवाळीला मी ती विकत मागायचो.

"अहो, आकडा तरी सांगा!"

"सांगितला की तू तो पाडणार," म्हणून हसायचे. आकडाच नाही तर माणसाने भांडायचं कशाशी?

एकदा महिनाभर मुलीकडे जाताना त्यांनी किटली माझ्याकडे ठेवली. "फक्त पुसायची," असं बजावलं. मी घरी सांगायला विसरलो. भांडेवाल्याच्या घरात काळं पडलेलं तांबं बायकोला बघवेना. तिने चिंच-मीठ घेतलं. संध्याकाळी किटली लखलखत होती.

काका आले, किटली हातात धरून बसून राहिले. त्सुबामेचं नाव निघालं नाही. बायको रडकुंडीला आली.

"छान घासलीस गं," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ठेव तुलाच. तो रंग यायला अजून वीस वर्षं लागतील. मी कुठून आणू?"

"किती द्यायचे?" सवयीने तोंडून गेलंच.

"रोज पुसायची. यात कमी-जास्त होणार नाही."

आयुष्यात एवढाच सौदा मी मुकाट्याने केला, आणि समोरच्याने मला बोलू दिलं नाही हा राग अजून आहे. काकांना जाऊन तीन वर्षं झाली. चहा झाला की मी फडकं घेतो. परवा तोटीच्या मुळाशी जांभळट छटा दिसली. काकांना दाखवायला तशीच किटली उचलून शेजारची बेल दाबली. नव्या भाडेकरूने दार उघडलं, आणि मी तिथेच उभ्या उभ्या सदऱ्याच्या टोकाने किटली पुसू लागलो.