पहिल्या पातीचा माणूस

कोक-तोर गावाच्या वरची कुरणं इतकी उतरती आहेत, की तिथे ट्रॅक्टर चढत नाही. जुलैच्या शेवटी तिथलं गवत हातानेच कापावं लागतं, चालगीने. खांद्याएवढ्या दांड्याला बसवलेलं हातभर लांब पातं. ते उभ्याने, दोन्ही हातांनी, कमरेतून झोका देत चालवायचं. कापणारे एकामागे एक तिरके उभे राहतात आणि प्रत्येक जण आपापली पात धरतो. वेग ठरवतो तो पहिल्या पातीवरचा. मागच्याने त्याला गाठलं की मागचा ओरडतो, “टाच सांभाळ!” मग पुढच्याने बाजूला व्हायचं आणि पहिली पात सोडायची.

तुर्दुमामत सत्तावीस वर्षं पहिल्या पातीवर होता. त्याच्या पाठीमागून ही आरोळी एकदाही आली नव्हती.

त्याचं वय त्रेसष्ट. घर ओढ्यापलीकडे, गावातलं शेवटचं. बायको चार वर्षांपूर्वी गेली. घरात तो एकटा आणि गोठ्यात अकरा मेंढ्या, दोन गाई, एक घोडी. मार्चमध्ये घोडी बर्फावरून घसरली आणि तो उजव्या खांद्यावर पडला. तेव्हापासून हात कानाच्या वर जात नव्हता. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. तो घोडीवर डाव्या बाजूने चढायचा तसाच चढत राहिला, फक्त आधी आजूबाजूला कोणी नाही ना ते बघून.

त्याचं स्वतःचं कुरण टेकाडाच्या पलीकडे होतं. दरवर्षी तो ते एकटाच कापायचा. गावात ज्याचं काम मोठं, तो दारोदार जाऊन बोलावणं करतो. बोलावलेले येतात, मजुरी घेत नाहीत, जेवून जातात. त्याला अशर म्हणतात. तुर्दुमामत सगळ्यांच्या अशरला गेला होता. त्याने स्वतः कधी कोणाला बोलावलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो चारचौघांत सांगायचाही.

या वर्षी त्याने एक सकाळ कापून पाहिलं. पुढचे तीन दिवस त्याला चहाची वाटी डाव्या हाताने उचलावी लागली. ऑगस्टच्या मध्याला पाऊस लागला की उभं गवत कुजतं. गवत नाही म्हणजे हिवाळ्याआधी जनावरं विकायची. जनावरं नाहीत म्हणजे बिश्केक शहरात मुलीकडे, नुरझियाकडे, पाचव्या मजल्यावर. तिने त्याच्यासाठी पलंग घेऊनही ठेवला होता. गावात कोणी विचारलं, तर तो सांगायचा, “निम्मं झालं.”

अशा वेळी जापारच्या अशरचा दिवस आला.

जापार शाळेत कवायत शिकवायचा, आता निवृत्त. एसेनगुल मधमाश्या पाळतो. सातिबाल्दी ट्रॅक्टर चालवतो. हे तिघे आणि तुर्दुमामत एकाच वर्षी जन्मले. एकाच वर्षी जन्मलेल्यांनी एकमेकांना काहीही बोलावं, राग धरायचा नाही, असा तिथला रिवाज आहे. वडीलधाऱ्याला तसं बोलता येत नाही, धाकट्याला बोलणं शोभत नाही. मनातलं सगळं काढायला प्रत्येकाला आपल्या वर्षाचीच माणसं मिळतात, आणि ती दरवर्षी कमी होत जातात.

पहाटे दव होतं. ओल्या गवतावर पातं चांगलं चालतं. चौघे उभे राहिले: पुढे तुर्दुमामत, मागे एसेनगुल, मग सातिबाल्दी, शेवटी जापार.

“ए सातिबाल्दी,” एसेनगुल म्हणाला, “पातं पाजवलंस का? का ट्रॅक्टरसारखं नुसतं डिझेल घालून आलास?”

“माझ्या पात्याची काळजी करू नको. तू माश्यांना धूर देतोस तसा आम्हाला देऊ नको, म्हणजे झालं. सकाळपासून तोंड चालू आहे.”

“तोंड चालतं म्हणून हात चालतो.”

“मग दोन्ही बंद कर, उभं गवत तरी वाचेल,” शेवटून जापार ओरडला.

“तू बोलू नकोस. तुझंच गवत कापतोय. चाळीस वर्षं पोरांना उड्या मारायला लावल्यास आणि स्वतःला एक पात सरळ धरता येत नाही!”

तुर्दुमामत मागे न बघता म्हणाला, “भांडा, भांडा. तोवर मी जापारच्या बायकोने केलेलं मटण खाऊन परत येतो.”

“तू पुढे असतोस म्हणून आम्हाला रोज तुझी पाठच बघावी लागते,” एसेनगुल म्हणाला. “सत्तावीस वर्षं! माझ्या बायकोचं तोंड मी इतकं बघितलं नसेल.”

“तिचं नशीब.”

सगळे हसले. तुर्दुमामतही हसला. त्या हसण्याने खांद्यातून कळ गेली आणि तो एक झोका चुकला. पातं मातीत घुसलं. त्याने ते काढलं, पुसलं, पुन्हा सुरू केलं. मागून आरोळी यायला हवी होती, कारण एवढ्या वेळात एसेनगुल त्याच्या टाचेशी असायला हवा होता.

आरोळी आली नाही. आला तो चालगीचा आवाज, आणि तुर्दुमामतचं लक्ष त्या आवाजाकडे गेलं. पूर्ण झोक्याचा आवाज लांब असतो. गवत कापलं जातं, आडवं होतं, मग पातं परत येतं. एसेनगुलचा आवाज आखूड होता. अर्धा झोका, थांबणं, पुन्हा अर्धा. तुर्दुमामतने मान वळवून पाहिलं. एसेनगुलची पात नेहमीच्या निम्मी रुंद होती. त्याच्या मागे सातिबाल्दीही तसाच, आणि जापार तर पाजवायचा दगड घेऊन उभाच होता. त्याचं पातं मघाशीच लखलखत होतं. तिघेही रेंगाळत होते, आणि तोंडं मात्र जोरात चालू होती.

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते त्याने विचारलं नाही. टेकाड चढून कोणी तरी त्याचं उभं कुरण पाहिलं असणार.

तो थांबला. चालगी उभी टेकवली.

“ओरड,” तो म्हणाला.

“काय ओरडू?” एसेनगुल म्हणाला.

“टाच सांभाळ म्हण. दुसऱ्या फेरीलाच म्हणायला हवं होतंस.”

“घसा बसलाय माझा. काल थंड कुमीस प्यालो.”

“एसेनगुल.”

एसेनगुलने चालगी खाली टेकवली. बाकीच्या दोन चालग्याही थांबल्या. खाली ओढ्याचा आवाज येत होता, तो सकाळपासून येत असावा.

“माझं कुरण कापलेलं नाही,” तुर्दुमामत म्हणाला. “निम्मं नाही, पावही नाही. हात उचलत नाही. परवा या.”

इथे कोणी तरी टोमणा मारायला हवा होता. ‘सत्तावीस वर्षांनी आमचं घर सापडलं का?’ किंवा ‘मेंढी आधी दाखव, मग ठरवू.’ तुर्दुमामत त्यासाठी थांबलाही. उत्तर त्याच्याकडे तयार होतं.

“येतो,” जापार म्हणाला. “सगळे येतो.”

“पोरांनाही आणतो,” सातिबाल्दी म्हणाला.

तुर्दुमामत बाजूला झाला आणि शेवटच्या पातीवर गेला. एसेनगुल पुढे गेला. आता मात्र पूर्ण झोके पडायला लागले. थोड्याच वेळात तिघांच्या आणि त्याच्यामधलं अंतर इतकं वाढलं, की त्यांचं बोलणं त्याला ऐकू येईना. ते बोलत होते की नाही, हेही सांगता येत नव्हतं.

ठरल्या दिवशी चौदा माणसं आली. एवढ्या मोठ्या अशरच्या यजमानाने पात धरायची नसते; त्याने मेंढी कापायची आणि फिरून कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पाजायचं. बायको नसल्याने चुलीवर जापारची बायको बुरुल होती. तुर्दुमामत कातडी पिशवी आणि वाटी घेऊन दिवसभर चढावर वरखाली करत राहिला. जिकडे जाई तिकडे काम वेगाने चाललेलं, आणि वाटी, वडीलधाऱ्याकडून घ्यावी तशी, दोन्ही हातांनी घेतली जाई.

दुपारी तो एसेनगुलपाशी थांबला. त्याने पातीकडे पाहिलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ही पात आहे का मेंढीने चरलेला बांध? दारू पिऊन घोडा चालला, तरी याहून सरळ जाईल!”

एसेनगुलने मागे वळून आपली पात पाहिली. ती सरळ होती.

“हो, जरा वाकडी गेली खरी,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी नीट धरतो. तू बैस ना सावलीत, खांदा दुखेल.”

तुर्दुमामतने वाटी घेतली आणि पुढच्या माणसाकडे गेला.

दोन दिवसांत कुरण मोकळं झालं. चार दिवस गवत वाळलं, मग सातिबाल्दीच्या पोरांनी ते ओढून खाली आणलं आणि गोठ्यामागे सात गंज्या रचल्या. पाऊस आठवड्याने आला. तुर्दुमामतने नुरझियाला फोन केला आणि पलंग कोणाला तरी देऊन टाक म्हणून सांगितलं. ती रागावली. मग म्हणाली, “बाबा, तिथे बोलायला तरी आहे का कोणी?” तो म्हणाला, “आहेत की सगळे.”

ते खरंही होतं. नोव्हेंबरात बर्फ पडल्यावर तिघेही आळीपाळीने येऊन जात. सातिबाल्दी फाटकापासून दारापर्यंतचं बर्फ काढून द्यायचा. जापार मलमाची नळी घेऊन यायचा आणि मलम कसं चोळायचं ते, कवायत शिकवावी तसं, सांगायचा. एसेनगुल मध आणायचा. दोघे समोरासमोर बसून चहा प्यायचे. एसेनगुल खांद्याची चौकशी करायचा, जनावरांची करायचा, काही लागलं तर सांग म्हणायचा, आणि उजेड असतानाच निघायचा, कारण ओढ्यावरचं बर्फ निसरडं होतं. तो गेल्यावर तुर्दुमामत दोन्ही वाट्या धुऊन उपड्या घालायचा आणि गोठ्यात जायचा.

गवत मेपर्यंत पुरलं. एक गंजी शिल्लक राहिली.