चुंबक चिकटत होतं तरी

मुलांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर थोरल्याने एका जुन्या गाडीचे फोटो दाखवले. हिरवी, चकचकीत, तुमच्या बाबांच्या जन्माआधीची. लायसन्स मिळालं की हीच घेणार, असं तो म्हणाला, आणि मागची सीट आपली म्हणून धाकटीने जाहीर करून टाकलं. आजोबांनी मोबाइल नाकाशी धरून त्या गाडीचं इतकं कौतुक केलं की मला बोलायला जागा उरली नाही. मी नुसतं "बघू" म्हटलं. फोनवर माझी भीती म्हातारीच्या कुरकुरीसारखी ऐकू येते, हे मला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे. मी शिकले इंग्रजीतून आणि शिकवलंही इंग्रजीच, पण घाबरल्यावर मला मराठीच सुचतं. अडेल तिथे आई वाचून दाखवेल. गाडी ठरवण्याआधी मात्र हे वाचा.

तुम्ही दोघं मे महिन्याच्या सुट्टीत इकडे येणार होतात, त्या वर्षीची ही गोष्ट. तेव्हा आजोबांच्या मनात एक जुनी गाडी भरली होती; तिच्या जातीला जुने लोक लाडाने 'डुक्कर' म्हणतात. गोल पाठ, पुढे आलेलं नाक. पुढची दारं मात्र उलटी. बिजागऱ्या मागच्या बाजूला आणि कडी पुढे. आजोबा तरुणपणी अशाच गाडीवर शिकले होते. बांद्याच्या बाजारात कोणीतरी त्यांना सांगितलं की रेडीला एकाच्या शेडमध्ये तशी गाडी आहे, चालू आहे आणि विकायची आहे. त्यानंतर घरात दुसरा विषय नव्हता. बेत असा ठरला की गाडी आणायची आणि तुम्ही आलात की तुम्हाला मागे बसवून आंबोलीचा घाट चढायचा.

मला तो घाट भाजी चिरताना दिसायचा, देवापुढे दिवा लावताना दिसायचा. वळणं, दरीच्या बाजूचे कठडे, आणि मागच्या सीटवर तुम्ही. त्या काळच्या गाड्यांना सीटचे पट्टे नसतात.

"पोरांका बसवूच्या आधी गाडी नीट तपासूया," मी म्हटलं.

"तुका गो, बैलगाडीक पण ब्रेक व्हयो," आजोबा म्हणाले.

मी इंटरनेटवर शोधून अशा गाड्या पारखण्याबद्दलचे लेख वाचले आणि क्रम ठरवला. आधी कागद, मग थंड इंजिन, मग पत्रा, मग चालवून बघणं, आणि किंमत सगळ्यात शेवटी. आकडा आधी कानावर पडला की डोळे त्या आकड्याला शोभेल तेवढंच बघतात. आजोबा हसले, पण क्रम त्यांनी मानला.

रेडीला बंदरावर लोहखनिज चढवतात. त्याची तांबडी धूळ झाडांवर, कुंपणांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली असते. गंज कुठला आणि धूळ कुठली, हे तिथे नुसतं बघून सांगता येत नाही. शेडचे मालक सत्तरीचे ख्रिश्चन गृहस्थ होते. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ गोव्यात नोकरीला होता, तो वारल्यावर ती यांच्याकडे आली.

"येवा बाब, येवा बाई. आधी कॉफी काय आधी गाडी?"

"गाडी," आजोबा म्हणाले.

"आधी बॉनेट," मी म्हटलं आणि त्यावर तळहात ठेवला. थंड होतं. गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन तापवून ठेवलं की त्याचे दोष लपतात. मालक आजोबांकडे वळून म्हणाले, "बाब, गाडी तुमी घेतास काय बाई?"

"पैसे माझे, बाकी सगळा तिचा," आजोबा म्हणाले.

कागद स्वच्छ होते. चासीवरचा नंबर मी ओल्या फडक्याने पुसून आर. सी. बुकाशी ताडला, तो जुळला. इंजिन दुसऱ्या फेऱ्याला लागलं. धूर निळा नाही, पांढरा नाही. तेलाच्या झाकणाखाली साय धरलेली नव्हती, म्हणजे तेलात पाणी शिरलेलं नव्हतं. एकेक गोष्ट बरी निघत गेली तशी माझी भीती वाढत गेली. एक तरी दोष सापडला असता तर घाट टळला असता. आता टाळायला माझ्याकडे कारणच उरत नव्हतं.

मग पत्रा. पत्रा कुजला की काही लोक ती जागा कापून नवा पत्रा जोडत नाहीत, तिथे लांबी भरतात. लांबी म्हणजे रंगाऱ्याचा लगदा. तो वाळला की घासायचा, वर रंग मारायचा, की डोळ्याला काही कळत नाही. चुंबकाला कळतं, कारण ते पत्र्याला चिकटतं आणि लांबीवरून गळून पडतं. आजोबांनी जुन्या स्पीकरमधलं चुंबक रंगाला ओरखडा पडू नये म्हणून फडक्यात गुंडाळून आणलं होतं. छत, दारं, दाराखालची उंबरठ्यासारखी पट्टी, सगळीकडे त्यांनी ते लावलं. सगळीकडे चिकटलं.

"बघ. लांबी खंय आसा? सगळो पत्रो."

मालकांनी चार लाख सांगितले. क्रम मोडला होता, पण आजोबांचे डोळे आधीच त्या आकड्याला राजी झालेले मला दिसले.

चालवून बघायला आम्ही दोघं निघालो. मी डावीकडे बसले. रेडीच्या गडाच्या बाजूने बंदराकडे उतरणारा रस्ता आहे, त्यावर खनिजाचे ट्रक असतात. आजोबा काहीतरी गुणगुणत होते. उतारावर उजवं वळण आलं, गाडी माझ्या बाजूला कलली, आणि माझ्या गुडघ्याशी कडीचा 'टक' असा बारीक आवाज आला.

साधं दार थोडं उघडलं तर वारा ते परत लोटतो. उलट्या दारात वारा शिरतो आणि ते फाडून काढल्यासारखं मागे नेतो. माझ्या डाव्या हाताला अचानक काहीच नव्हतं. खाली रस्ता धावत होता, अगदी जवळ. पदर बाहेर गेला आणि मागच्या चाकाच्या दिशेने ओढला जाऊ लागला. सीट गुळगुळीत होती, मी घसरत होते. समोरून ट्रक येत होता, त्याला जागा देण्यासाठी आजोबांना गाडी डावीकडेच घ्यावी लागत होती, म्हणजे गटाराकडे, म्हणजे मी जिकडे पडणार होते तिकडेच. त्यांनी एका हाताने माझं मनगट धरलं. त्या क्षणी मला स्वतःचं काही सुचलं नाही, असं सांगितलं तर ते खोटं होईल. आधी स्वतःचंच सुचलं. तुम्ही मग आठवलात, गाडी थांबल्यावर. त्या दाराशी, आजीच्या मांडीवर बसायचा हट्ट करणारी धाकटी आठवली.

ट्रकवाला पुढे जाऊन थांबला आणि मान बाहेर काढून म्हणाला, "काका, काकीक विकूक काढलास काय?"

आजोबा खाली उतरले. दार दोरीने बांधून आम्ही शेडकडे परत निघालो. वाटेत ते म्हणाले, "कडी जुनी झाली. कडी बदलूची, बस."

ट्रकपेक्षा मला त्या वाक्याची जास्त भीती वाटली. कडी बदलून ते ती गाडी घेणार होते, आणि तुम्हाला तिच्यात बसवणार होते.

शेडमध्ये मी त्यांच्याकडून चुंबक मागून घेतलं आणि फडकं काढून टाकलं. आधी छतावर लावलं. काढताना नख घालून उपटावं लागलं. मग दाराखालच्या पट्टीला लावलं. चिकटलं, पण आता फडक्याची खरखर मध्ये नव्हती, ते हळूहळू आपल्याच वजनाने खाली सरकत गेलं. पुन्हा लावलं, पुन्हा सरकलं. आजोबा जवळ येऊन वाकले. कडी ज्या खांबाला अडकते त्याच्या बुडाशी रंगाला नवी भेग पडली होती आणि तिथून भुकटी सांडली होती. मी चुंबक त्या भुकटीवरून फिरवलं. वर आलं तेव्हा त्याला काळे बारीक केस उभे राहिले होते.

किनाऱ्यावरच्या मुलांना ते ओळखायला शिकवावं लागत नाही. दोऱ्याला चुंबक बांधून वाळूतून ओढलं की असेच काळे लोखंडी कण लागतात. लहानपणी आम्ही त्याला चुंबकाची दाढी म्हणत असू.

"ही तर रेंव," आजोबा म्हणाले. रेंव म्हणजे वाळू.

मालकांनी भुकटी चिमटीत घेऊन बघितली. मग म्हणाले, "भावान खालचा काम होडये दुरुस्त करणाऱ्याकडसून करून घेतल्यान. तो लगद्यात समुद्रावरची काळी रेंव घालता. घट्ट बसता म्हणान. होडयेक चलता. माका, खरा सांगतंय, ह्या ठावक नाय व्हता."

म्हणजे खाली चुंबक पत्र्याला नाही, त्या वाळूला चिकटत होतं. माझा त्यांच्यावर विश्वास बसला. फसवायचं असतं तर त्यांनी आम्हाला एवढं सांगितलं नसतं. होडीवाल्याचंही फार चुकलं असं मला वाटत नाही. त्याला भोक बुजवायला सांगितलं, त्याने ते त्याच्या रीतीने बुजवलं. फक्त होडीला दार नसतं, जे त्या लगद्याच्या भरवशावर बंद राहायला हवं.

"वेल्डिंग करून घेव," आजोबा अजून म्हणत होते, पण हळू आवाजात. त्यांनी मालकांना विचारून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पट्टीवर टेकवून दाबला. तो आत गेला. आवाज नाही, अडथळा नाही, मुठीपर्यंत गेला. दुसऱ्या बाजूलाही तेच. खांबाच्या बुडाशी तेच. दार, सीट आणि माणसं ज्यावर उभी असतात ते सगळं वाळू आणि लगदा होता, आणि वरून सुंदर रंग.

"पोरां हयसर बसतली व्हती," मी म्हटलं. एवढंच.

आजोबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तेवढ्यात मालक शेडच्या पायरीवर बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला आधी वाटलं, किंमत गेली म्हणून.

"दर आयतवारी मिसाक ह्याच गाडयेन जातंव," ते म्हणाले. "माझा चेडू बाळाक मांडयेर घेवन पुढे बसता. त्याच बाजूक."

मिसा म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चेडू म्हणजे मुलगी. त्यांच्या बायकोने कॉफी आणली, ती तशीच निवत राहिली. मग मालकांनी आत जाऊन गाडीची दुसरी चावीही आणली आणि आजोबांच्या हातात दिली, म्हणजे रविवारी मोह नको. "आता तुमीच सांगा बाब, हिची किंमत काय?"

आजोबांनी गाडीला एक फेरी मारली. मला वाटलं, ते अजूनही तिला वाचवायचा मार्ग शोधताहेत. पण ते म्हणाले, "गाडी म्हणान हिची किंमत शून्य. कोणी चार लाख दिले तरी विकू नकात, तो माणूस पोरां घेवन बसतलो. सुटे भाग विका. ते खरे आसत."

थोरल्या, मला तुला सांगायचं आहे ते हेच. तुझ्या हिरव्या गाडीचा रंग बघू नकोस. गालिचा उचल, खालचा पत्रा बघ, आणि चुंबक चिकटलं एवढ्यावर समाधान मानू नकोस, किती जोराने चिकटलं ते बघ. छतावर आणि खाली सारखं हवं. गाडी उचलून धरतील अशा ठिकाणी ती ने आणि तुझ्यासमोर दाबून बघायला सांग. विकणारा चांगला माणूस असेल, पण त्यालाही माहीत नसेल. मला अजून उजव्या वळणावर, कुठल्याही गाडीत, दाराच्या मुठीला हात लावून बसावं लागतं. आजोबा त्यावर आता थट्टा करत नाहीत.

रेडीच्या त्या गाडीचा सांगाडा पुढे कापून भंगारात दिला. इंजिन, मागची काच आणि पुढचे दिवे म्हापशाच्या एका शौकिनाने नेले. त्याच्याकडे तसलीच, धड पत्र्याची गाडी बंद पडून होती. तिच्यात ते बसवले आहेत आणि चालू आहेत. तेवढंच शिल्लक आहे.