ज्याचा चहा कायम वाचायचा

आमच्या ह्यांचं काळीज कधी धडधडायचं नाही, याचं तुर्भ्याच्या मार्केटात केवढं कौतुक! हे माथाडी. साताऱ्याकडून आलेले, उभा जन्म पाठीवर गोणी. त्यांच्या टोळीत एक रीत होती. ट्रक रिकामा झाला की एकमेकांच्या छातीवर हात ठेवून बघायचं. ज्याची छाती जास्त उडेल, त्यानं चहा पाजायचा. ह्यांच्यावर ती पाळी कधी आलीच नाही. "आपलं डिझेलचं इंजिन हाय," म्हणून मिशीत हसायचे. मीही हसायचे.

शेवटच्या वर्षी मात्र जिना चढताना दम लागायला लागला. मधेच पायरीवर टेकायचे, कपाळावर घाम. मी ओरडायचे, "अहो, डॉक्टरला दाखवा की एकदा!" तर माझा हात धरून छातीवर ठेवायचे. "बघ. कुठं काय हाय?" आणि खरंच, आत सगळं संथ. धडधडतं ते काळीज दुबळं, शांत ते दणकट, एवढंच आम्हा सगळ्यांना ठाऊक. दम लागतोय तर वय झालं असेल, असं वाटायचं.

एका दुपारी कांद्याची गाडी खाली करून ते गोण्यांना टेकून बसले. टोळीतल्या एकानं नेहमीसारखा छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आजपण ह्याचा चहा वाचला!" दोघं-चौघं हसलेसुद्धा. मग तो हात तिथंच राहिला आणि हसणं थांबलं.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं टोळीवाल्यांकडून सगळं ऐकून घेतलं. मला म्हणाला, "भार वाढला की ठोके वाढायलाच हवेत, शरीराला रक्त जास्त लागतं ना. यांचे वाढतच नसणार. ती ताकद नव्हती बाई, आजार होता."

त्याला बरीच वर्षं झाली. पण माझा उजवा हात अजून विसरायला तयार नाही. कणीक मळताना, बसमध्ये दांडा धरताना मधेच ते ठोके तळव्याला लागतात. एक. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा. मी हात झटकते, नळाखाली धरते. भूत म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा, मला त्याची भीती वाटते.

आणि गेल्या थंडीत आमची लेक, पोलीस भरतीसाठी कळंबोलीच्या मैदानावर पळायला जाते ती, बूट काढता काढता म्हणाली, "आई, आधी एका फेरीत छाती उडायची. आता तेवढंच पळून काही होत नाही. एकदम शांत!"

आवाजात तोच तोरा.

"उद्यापासून पळायचं नाही," मी म्हणाले.

"डोकं फिरलंय का तुझं? भरती तोंडावर आलीय!"

"फिरलंय. आधी डॉक्टरकडे चल."

बेलापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सराव झाला की तेवढ्याच वेगाला ठोके कमी लागतात, ते चांगलंच. पण वेग वाढवला की चढले पाहिजेत. चढतात का बघू." लेकीच्या छातीला वायरी चिकटवल्या, मशीनच्या पट्ट्यावर चालायला लावलं. थोड्या थोड्या वेळानं पट्ट्याचा वेग वाढायचा, चढही वाढायचा. मी लेकीकडे बघतच नव्हते, पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होते. आधी तो फारसा हलेना. इकडे माझ्या तळव्याला ते संथ ठोके लागायला लागले. चढ रे बाबा, चढ. मग ती पळायला लागली आणि आकडाही निघाला. शंभर मागे पडले, दीडशे मागे पडले. लेक घामाघूम, "मॅडम, बास!"

"अजून थोडं," मीच बोलून गेले.

डॉक्टरीणबाई हसल्या. "पुरे की. छान चढतायत. खुशाल पळू दे तिला."

"झालं? एवढंच?"

"एवढंच असतं. इथले ऑफिसवाले जेवायच्या सुट्टीत येऊन करून जातात."

मी खुर्चीत बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. लेक वायरी काढत म्हणत होती, "अगं, रिपोर्ट चांगलाय, रडतेस काय?" जेवायची सुट्टी ह्यांनाही रोज असायची.