चार पानांची दुरुस्ती

अकोल्यातल्या एका पोस्टात देवमन पुंजाजी तेलगोटे सॉर्टर होता. समोर लाकडी खाने, डाव्या हाताला टपालाचा ढीग, आणि दिवसभर एकच काम: पत्ता वाचायचा आणि त्या त्या खान्यात टाकायचं. पत्ताच वाचावा, मजकूर वाचू नये, असा नियम होता. पण कार्ड म्हणजे उघडं टपाल. कोणाची सासू वारली, कोणत्या स्थळानं कोणाच्या पोरीला नकार कळवला, हे ज्याचं त्याला कळण्याआधी त्या टेबलावर कळायचं. शेजारी बसणारा ओमप्रकाश रंगात आला की आवाज बदलून कार्डं वाचून दाखवायचा आणि सगळे पोट धरून हसायचे. देवमनही हसायचा. न हसणारा माणूस डोळ्यावर येतो, आणि देवमनला काही झालं तरी कोणाच्या डोळ्यावर यायचं नव्हतं.

त्याला कारणही होतं. मॅट्रिक होऊन त्या टेबलाशी खुर्ची टाकून बसणारा त्याच्या समाजातला तो पहिलाच. बाप पुंजाजी मूर्तिजापुराजवळच्या एका खेड्यात गावकीची कामं करता करता म्हातारा झाला. गावात बैल मेला की हाक पुंजाजीला. छप्पन साली म्हातारा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि त्या दिवसापासून त्यानं मेल्या ढोराला हात लावला नाही. गावानं दुकानातलं मीठ बंद केलं, शेतावरची मजुरी बंद केली. म्हातारा मिठावाचून भाकर खाऊन राहिला पण हटला नाही. दोन वर्षांनी तो गेला. बापाबद्दल बोलायची वेळ आली की देवमन एवढंच सांगायचा, आणि त्याचा ऊर भरून यायचा.

एकोणसाठ साली देवमनची मुलगी ललिता चौथीत पहिली आली. शाळेनं बक्षीस म्हणून पत्त्यांचा खेळ दिला. अमरावतीच्या ‘सुविद्य खेळमाला’ नावाच्या संस्थेनं काढलेला, नाव ‘बारा घरं’. खेळ सोपा होता. गावातली बारा बलुतेदारांची घरं, प्रत्येक घराची चार पानं: माणूस, हत्यार, काम आणि हक्क. सुताराचं हत्यार वाकस, न्हाव्याचं काम हजामत, जोशाचा हक्क शिधा. पानं वाटायची, मग एकमेकांकडं मागायची. चारही पानं जमली की ‘घर झालं’ म्हणून ओरडायचं. ज्याची घरं जास्त तो जिंकला. पोरींना तर जोशाचं घर हवं असायचं, कारण त्याच्या पानावर पिवळंधमक पंचांग काढलेलं होतं.

केशरबाईनं, म्हणजे देवमनच्या बायकोनं, शेजारीपाजारी गूळ वाटला आणि मग तिघं चटईवर पानं मांडून बसले. बारावं घर महाराचं होतं. माणूस: काठी नि घोंगडीवाला म्हातारा. हत्यार: दोर. हक्क: दारोदार हात पसरून आणलेली भाकर. आणि काम: दोघं जण मेलेला बैल ओढताहेत, बैलाची जीभ बाहेर, वर गिधाडं. केशरबाईला वाचता येत नव्हतं, पण चित्राला वाचावं लागत नाही.

"हा तं आपला बुढा दिसून राहिला जी," ती म्हणाली.

देवमननं पानं गोळा करून पेटीत टाकली. पण बक्षीस पोरीचं होतं, आणि पोर पेटी घेऊन दुसऱ्या दिवशी जठारपेठेत अनुपमाकडं खेळायला गेली. अनुपमा तिच्याच वर्गातली, वकिलाची मुलगी. पंधरा दिवस रोज खेळ चालला. एकदा जेवता जेवता देवमननं सहज विचारलं, कोण जिंकतं म्हणून.

"मीच जिंकते रोज," ललिता म्हणाली. "माझं एक घर तं पहिलेच झालेलं रायते."

"ते कसं काय?"

"पानं वाटायच्या अगोदर अनुपमा ती चार काढून मला देऊन टाकते. म्हणते, ही तुझीच आहेत, तुला कोणाला मागायला नको."

अनुपमाच्या मनात काही वाईट नसेलही. दहा वर्षांची पोर ती, तिला वाटलं आपण मैत्रिणीवर उपकारच करतोय. पण देवमनच्या हातातला घास हातातच राहिला. ललिता मात्र बापाकडं टक लावून पाहत होती. तिला सगळं समजलं होतं. समजलं होतं म्हणूनच ती जिंकल्याचं सांगत होती.

"उद्यापासून जाऊ नको तिथं," केशरबाई म्हणाली.

"मंग मी खेळू कोनासंगं?"

देवमन उठला, पेटीतली ती चार पानं काढून कपाटात ठेवली आणि म्हणाला, "हे पाह्य, ही पानं चुकीची छापली हायेत. छापणारा मानूस शिकला-सवरला हाय, त्याले लिहितो मी. तो दुरुस्त पानं पाठवीन. आली की खेळ. तुह्या बापाचा शब्द हाय."

शब्द देणं सोपं असतं. देवमननं रात्र जागून पत्राचा मसुदा केला. त्यात दोन मुद्दे होते. एक, आमच्या समाजानं बौद्ध धम्म स्वीकारला आहे, तरी जुन्या जातीचं नाव छापणं योग्य नाही. दोन, मेलेली जनावरं ओढण्याचं नि भाकर मागण्याचं काम आम्ही सोडलेलं आहे, तरी ती चित्रं काढून टाकावीत. मसुदा चांगला झाला होता. पण पाकिटात घालताना त्याच्या डोळ्यांपुढं पोस्टाचं टेबल आलं. आपण पाकीट पाठवू, पण उत्तर येणार कार्डावर. संस्थांची उत्तरं कार्डावरच यायची, आणि वर विषय लिहिण्याची त्यांना खोड. ‘विषय: मेलेली जनावरं ओढण्याचे चित्र’. ओमप्रकाश ते आवाज बदलून वाचतोय आणि सगळं टेबल आपल्याकडं पाहतंय, हे त्याला स्पष्ट दिसलं. त्यानं दुसरा मुद्दा खोडला. नाव बदला म्हटलं की शहाणा माणूस काम काय ते आपोआप समजून घेईल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. शिकलेल्या माणसावर इतका भरवसा ठेवणारी ती पिढी होती, दुसरं काय म्हणावं.

आठ दिवसांत उत्तर आलं, आणि कार्डावरच आलं. ओमप्रकाशनं ते हवेत नाचवलं.

"अरे तेलगोटे, तुम्हारे नाम का कार्ड है! विषय, पानांतील नावाची चूक. काहून बे, पत्ते खेळून राहिला काय या वयात?"

टेबल हसलं, देवमनही हसला. दुसरा मुद्दा खोडला ते किती बरं केलं, असं त्याला वाटलं. त्या दिवशी तो खरंच खूश होता, हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण होता. खाली हेमचंद्र धारस्कर, संचालक, अशी सही होती: ‘चूक निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभारी आहोत. दुरुस्त पाने छापून येताच विनामूल्य पाठवू.’

मग वाट पाहणं सुरू झालं. अमरावतीची थैली उघडली की देवमनचा हात आधी पाकिटांकडं जायचा. ‘सुविद्य’चं पाकीट कसं असेल, चार पानांची जाडी किती होईल, हे त्यानं बोटांनी ठरवूनसुद्धा ठेवलं होतं. पाकीट येत नसे, कार्ड येई. कार्डशीट मिळत नाही. चित्रांचे ठसे पुण्याला गेले आहेत. दिवाळीनंतर. परीक्षा झाल्यावर. पहिली आवृत्ती संपू द्या, चार पानांसाठी यंत्र लावणं परवडत नाही. ललिता सुरुवातीला रोज दारातच विचारायची, "आली का?" पुढं शनिवारी-शनिवारी विचारू लागली. पाचवीत गेली, सहावीत गेली. अनुपमानं दुसऱ्या मैत्रिणी केल्या. एकदा ललितानं विचारलं नाही, आणि त्यानंतर कधीच विचारलं नाही. तो मात्र अधूनमधून आपणहून सांगायचा, "येतीन हो, येतीन." केशरबाई चुलीकडूनच म्हणायची, "हो, हत्तीवर बसून येतीन."

एकसष्ट साली त्यानं रजा टाकली आणि अमरावती गाठली. बडनेऱ्याला गाडी बदलून उतरला, विचारत विचारत हेमचंद्रांच्या घरी पोचला. हेमचंद्र सेवानिवृत्त शिक्षक, अंगात खादी, बोलणं मऊ. त्यांनी देवमनला आपल्या शेजारी खुर्चीवर बसवलं. घरातून चहा आला तोही ज्या कपांतून ते स्वतः प्याले तसल्याच कपातून. देवमननं ते पाहिलं, आणि त्याचा जीव तिथंच पाघळला.

"देवमनजी, आम्ही काही जुन्या विचारांचे नाही हो," हेमचंद्र म्हणाले. "तुमचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, समाज जागा होतोय. नावाची दुरुस्ती होणार म्हणजे होणार. यंदा दुसरी आवृत्ती काढतोच आहे."

"हो जी. पण ते... त्या पानांवरचं..."

"चित्रं ना?" हेमचंद्रांचा चेहरा फुलला. त्यांनी कपाटातून मूळ चित्रं काढून समोर मांडली. "आमचा चित्रकार चांदूर रेल्वेकडच्या खेड्यांत महिनाभर हिंडला. एकेक माणूस समोर बसवून काढलाय. हा म्हातारा पाहा, काय चेहरा आहे! कशी वाटली तुम्हाला?"

बोलायची हीच वेळ होती. इथं ओमप्रकाश नव्हता, टेबल नव्हतं. पण समोर चहाचा कप होता, शेजारची खुर्ची होती, आणि एवढ्या भल्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं की तुमचं हे सुंदर चित्र माझ्या पोरीच्या गळ्यात अडकलं आहे? अपमान करणाऱ्याला उत्तर द्यायला देवमन बापाकडून शिकला होता. मान देणाऱ्यापुढं काय करायचं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"चांगली हायेत," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत तो मूर्तिजापूर येईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होता. अकोला येईस्तोवर त्यानं पुन्हा समजूत घातली, की माणूस सज्जन आहे, तो बरोबर करील.

पाकीट बासष्टच्या श्रावणात आलं. थैलीतून त्याच्याच हाताला लागलं, बोटांनी ठरवलेल्या जाडीपेक्षा जरा जाडच. ओमप्रकाश म्हणाला, "फोड ना, पाहू त खरं." देवमननं फोडलं नाही. तीन वर्षांनी का होईना, दिलेला शब्द पुरा होत होता, आणि तो पोरीच्या हातानं फोडायचा होता. वाटेत त्यानं पावशेर जिलबी घेतली. घरी येऊन पाकीट ललितापुढं ठेवलं. ती आता तेरा वर्षांची, आठवीत. तिनं पुस्तक मिटलं.

"आली?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम चौथीतल्यासारखा झाला. देवमनला तेवढ्यानं भरून पावल्यासारखं झालं.

पाकिटात आधी पत्र होतं. तिनं मोठ्यानं वाचलं. ‘आपल्या सूचनेप्रमाणे चारही पानांवर नावाची दुरुस्ती केली आहे. विलंबाबद्दल क्षमस्व. दुसरी आवृत्ती पाच हजार प्रतींची असून अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील शाळांकडून चांगली मागणी आहे. ही दुरुस्ती सर्वस्वी आपल्यामुळे झाल्याने माहितीपत्रकात आपला नामनिर्देश साभार केला आहे.’ सोबत छापील माहितीपत्रक होतं, त्यात तळाशी खरोखरच होतं: श्री. देवमन पुंजाजी तेलगोटे, अकोला.

मग तिनं पानं काढली. एकेक चटईवर ठेवलं. काठी-घोंगडीवाला तोच म्हातारा होता. तोच दोर, दारोदार मागितलेली तीच भाकर. जीभ बाहेर आलेला तोच बैल, वर तीच गिधाडं. फक्त रंग जास्त उठावदार झाले होते, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर नवं, ठळक अक्षर होतं. ललितानं शेवटचं पान वाचलं.

"बौद्ध. काम: मेलेली जनावरे ओढणे."

केशरबाईनं पान हातात घेतलं, चित्र पाहिलं, मग पोरीला विचारलं, "वर काय लिहेल हाय म्हनली? पुन्हा वाच." ललितानं पुन्हा वाचलं. केशरबाईनं पान नवऱ्यापुढं ठेवलं.

"बुढ्यानं जुनं नाव त्या मेल्या बैलापाशी सोडून देल्लं होतं जी," ती म्हणाली. "तुमी नवं नाव नेऊन त्याच बैलाले बांधलं."

"मी नावाचंच लिहिलं होतं," देवमन म्हणाला. "कामाचं लिहिलंच नाही मी."

"काहून?"

त्यावर त्याच्यापाशी उत्तर होतं, पण ते पोरीसमोर सांगण्यासारखं नव्हतं. पाच हजार पेट्या. दोन जिल्ह्यांतल्या शाळा. कुठल्या कुठल्या गावात एखादी अनुपमा ती चार पानं काढून एखाद्या पोरीपुढं ठेवणार, आणि आता त्या पोरीला असंही म्हणता येणार नव्हतं, की हे जुनं नाव आमचं नाही. देवमन झटकन उठला, दौत-टाक घेतला, मसुद्यासाठी कोरा कागद पुढं ओढला.

"आजच लिहितो," तो म्हणाला. "सगळं लिहितो. पाकिटात नाही, उघड्या कार्डावर लिहितो. वाचू द्या ज्याले वाचायचं त्याले."

ललितानं चारही पानं पाकिटात परत घातली. तिचा चेहरा पुन्हा तेरा वर्षांचा झाला होता. तिनं बापाच्या हाताखालचा कागद हळूच काढून घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी नका लिहू आता. तुमी लिहिलं की ते आपलं नाव छापतात."