घरी तुमचीच भाषा बोला

घोलवडजवळच्या एका पाड्यावर मी अंगणवाडी चालवते. तिथल्या चिकूवाडीत नेपाळहून एक राखणदार आला, बायको आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन. बायको चिकू भरायच्या कामाला लागली, मुलगी माझ्याकडे येऊ लागली.

पहिल्याच दिवशी मी त्या बाईला बजावलं, की घरात नेपाळी बोलू नका, निदान हिंदी बोला, म्हणजे पोरीला मराठी लवकर येईल. तिने मान डोलावली.

दीड महिना पोरगी एक अक्षर बोलली नाही. गाण्याला हात हलवायची, पण ओठ मिटलेले. एकदा मी तिची ताटली धरून ठेवली. ‘खिचडी’ म्हण, मग देते, म्हटलं. ती उठली आणि दारात पाठ करून बसली. आमच्या मदतनीस बाईंनी माझ्या हातातली ताटली घेतली आणि तिच्यापुढे नेऊन ठेवली. मला फार लाज वाटली.

पुढचे दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी मी वाडीत गेले. आई क्रेट भरत होती, लेक शेजारी बसलेली, दोघीही गप्प. आईने मोडक्या हिंदीत सांगितलं, की तिला स्वतःलाच हिंदी चार वाक्यांपलीकडे येत नाही, म्हणून लेकीशी बोलणंच कमी झालंय. रोज रात्री सांगायची गोष्टही बंद.

“दिदी, आपने ही बोला था,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता.

मी तिथेच खाली बसले. माझं चुकलं, घरी तुमचीच भाषा बोला, खूप बोला, असं सांगितलं. मग तिच्याकडून दोन-चार शब्द शिकून घेतले. भूक लागली म्हणजे ‘भोक लाग्यो’. मी ते असं काही म्हटलं की पोरगी पहिल्यांदाच हसली.

ती परत येऊ लागली. काही दिवसांनी एका मुलीच्या हातातल्या ठोकळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “मना पन दे.” माझी मराठी नव्हे, पाड्यावरच्या पोरींची वारली बोली तिने उचलली होती.

“पोरं पोरांचंच ऐकतात, बाई,” मदतनीस बाई म्हणाल्या.

मराठी मागाहून आली, गाण्यांतून, हळूहळू.

यंदा तिला भाऊ झाला. लसीकरणाला नर्सबाईंनी विचारलं, मागच्या वेळी बाळाला ताप आला होता का. आईला काही कळेना. तेव्हा ही मध्ये उभी राहिली, आईला नेपाळीत विचारलं आणि वळून म्हणाली,

“ताप नाय आला. खूप रडला फक्त.”